साबणातला मळ

आमचे सिद्रामप्पा चहा पिण्याआधी कप हुंगतात. चोरून नव्हे, चारचौघांत, डोळे मिटून. एकदा पुतणीसाठी स्थळ पाहायला गेले आणि मुलाच्या आईला पहिलाच प्रश्न केला, "भांडी कशानं घासता?" स्थळ गेलं ते गेलंच. अप्पांना त्याचं काही नाही. "धुणाऱ्याला आधी धुवावं," हे त्यांचं ब्रीद.

मुरूमच्या बाजारात माझं कापडदुकान आहे. त्याच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये अप्पा भांडी घासायचा पातळ साबण करतात. त्यासाठी लागणारी, फेस आणणारी पांढरी पेस्ट ड्रममधून येते. ती तयार होतानाच तिच्यात डायॉक्सेन नावाचा अपायकारक मळ किंचित उतरतो. तो कुणी मुद्दाम घालत नाही, बाटलीवरही लिहीत नाही. अप्पा त्याला 'बिनबोलावलेला पाव्हणा' म्हणतात.

या मळावर परदेशात नियम आले, आपल्याकडंही कडक होणार, असं कानावर आलं तेव्हा धंद्यातल्या बाकीच्यांनी कपाळाला हात लावला. अप्पा मिशीत हसले. "कडक भाकर खाणारी माणसं आपण. कडक नियमाला काय भ्यायचं?" नियमाची वाट न बघता त्यांनी पेस्टचा नमुना पुण्याला तपासायला धाडला. पाव्हणा निघाला, तोही सहकुटुंब!

"अप्पा, आपल्याकडं अजून कोण इचारतंय?" पेस्ट देणारा डीलर फोनवर म्हणाला.

"म्या इचारतोय की!"

अप्पांनी ड्रम परत पाठवले. ऐन दिवाळीच्या तोंडावर शेडला कुलूप लागलं आणि गिऱ्हाईक दुसरीकडं वळायला लागलं.

समजूत घालायला मी त्यांच्या घरी गेलो, तर अप्पा परात पुढ्यात घेऊन भाकरी थापत बसलेले, कोपरापर्यंत पीठ. शेजारी त्यांच्या पत्नी महानंदाकाकू तळहातांना खोबरेल चोळत होत्या. हात जागोजागी चिरलेले. लग्नापासून उघड्या हातांनी बाटल्या त्याच भरत आल्या होत्या. हे कशानं झालं ते डॉक्टरांना नेमकं सांगता आलं नव्हतं. अप्पांनी मात्र सगळा दोष आपल्या साबणाला देऊन टाकला होता. आणि ज्या कडक भाकरीसाठी आम्ही काकूंची तारीफ करायचो, ती अप्पांची होती तर!

"बाजारात बोलू नका बरं का," अप्पा ओशाळून म्हणाले.

मी काय डोंबल समजूत घालणार? असा माणूस आपल्या मुरूमचा आहे, याचाच अभिमान वाटला. गुपचूप भाकरी खाऊन परतलो.

दिवाळी गेल्यावर साफ पेस्ट मिळाली आणि शेड उघडली. बाटल्या आता अप्पाच भरतात, रबरी मोजे घालून. शेड बंद होती तेवढ्या दिवसांत काकूंच्या हातांच्या चिरा जरा भरून आल्या होत्या.

परवा अप्पा दुकानात आले ते हातात एक भाकरी धरूनच. वाकडीतिकडी, कडेला फाटलेली.

"हिनं थापलीय," ते म्हणाले. अख्ख्या बाजाराला दाखवत आले होते.

मी तुकडा मोडायला हात पुढं केला, तर झटकन मागं सरले.

"नुसती बघा. मोडू नका."