विषय-त्याग अर्ज, नमुना सात

सांगलीच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या कुमारी प्रांजल आप्पासो कोळेकर हिने मार्च महिन्याच्या चार तारखेला, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, क्वांटम मेकॅनिक्स हा विषय सोडण्याचा विचार मनात आणला. नुसता विचार आणायला कुणाची परवानगी लागत नाही, असा तिचा समज होता. वय एकोणीस असलं की असे समज असतात.

कारण साधं होतं. पहिल्या चाचणीत तिला वीसपैकी तीन गुण पडले होते. दुसऱ्या चाचणीआधी तिने महिनाभर मान मोडून अभ्यास केला, तेव्हा दोन पडले. आणखी अभ्यास केला तर काय होईल, हे सांगायला क्वांटमची गरज नव्हती. नव्या धोरणात विषय घेता येतो तसा सोडताही येतो, अशी नोटीस लागली होती. मुदत पंधरा मार्च. मात्र सोडलेल्या विषयाच्या जागी दुसरा घ्यावा लागणार होता, आणि जागा शिल्लक होत्या त्या एकाच विषयात : 'बेदाणा प्रतवारी व पॅकिंग'.

घोडं अडलं ते इथं. प्रांजलची वाडी तासगावच्या पुढं. तिची आई भामाबाई वीस वर्षं बेदाण्याच्या शेडवर निवडणीला जात होती. हिरवा दाणा कुठला, पिवळा कुठला, डागी कुठला, हे प्रांजलला बाराखडीच्या आधी यायला लागलं होतं. पोरीचे हात बेदाण्यात चिकट व्हायला नकोत म्हणून तर भामाबाईने तिला हट्टाने सायन्सला घातलं होतं. आता तीच पोरगी रोज दीड तास एसटीने सांगलीला जाऊन बेदाणा निवडायला शिकणार होती. शिवाय प्रांजलला भौतिकशास्त्र मनापासून आवडत होतं. भौतिकशास्त्रालाच ती आवडत नसावी, असं तिला अलीकडे वाटू लागलं होतं आणि त्याचं तिला फार वाईट वाटत होतं.

तिने आधी विषयाचे प्राध्यापक विश्वजित सर यांना गाठलं. सर तासिका तत्त्वावर होते. तीन दिवस सांगली, दोन दिवस कराड, उरलेला दिवस तासगाव. त्यामुळे ते भेटत ते बहुधा मोटरसायकलवरच.

"सर, मी क्वांटम सोडू का?"

सरांनी हेल्मेटची काच वर केली. "का गं?"

"समजत नाही, सर."

"मग समजतंय कुणाला?" सरांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "सोड. मला पण सोडायचाय. पण माझ्या नेमणुकीच्या आदेशात तसा रकाना नाही." एवढं बोलून काच खाली करून ते कराडकडे रवाना झाले.

कार्यालयात नाथाजी सर बसत. त्यांनी कपाटातून एक फॉर्म काढून त्यावरची धूळ फुंकली. वर लिहिलं होतं : 'विषय-त्याग अर्ज, नमुना सात'.

"विषय अवघड असल्याचा प्राध्यापकांचा दाखला लागेल," नाथाजी सर म्हणाले.

"ते देतील, सर."

"देऊन चालणार नाही. विषय अवघड आहे असं त्यांनी लिहिलं, म्हणजे शिकवणं कमी पडलं. आपल्या संस्थेत शिकवणं कमी पडत नाही. दाखला असा पाहिजे : विषय सोपा आहे, अध्यापन उत्तम आहे, विद्यार्थिनी हुशार आहे, सबब विषय सोडण्यास हरकत नाही."

प्रांजलने हे तीनदा मनात म्हणून पाहिलं. क्वांटमची समीकरणं यापेक्षा बरी, असं तिला वाटून गेलं.

"आणि तुमच्या ग्रामपंचायतीचं ना हरकत पाहिजे."

"ग्रामपंचायतीचं? मी विषय सोडतेय, सर, गाव नाही."

नाथाजी सरांनी एक जाडजूड फाईल उघडून तिच्यासमोर सरकवली. पान दोनशे बारा, 'संस्थेच्या कार्यात समाजाचा सहभाग'. तिथं वाडीच्या एसटी स्टँडवरच्या डिजिटल बोर्डाचा रंगीत फोटो चिकटवलेला होता.

त्या बोर्डाची हकिकत अशी. प्रांजलने भौतिकशास्त्र घेतलं तेव्हा वाडीत कुणाला ते काय असतं हे माहीत नव्हतं. त्यामुळेच गावाला जास्त अभिमान वाटला. आठ दिवसांत वीस बाय दहाचं डिजिटल उभं राहिलं : 'वाडीची शान, भावी शास्त्रज्ञ कु. प्रांजल हिचे हार्दिक अभिनंदन!' त्यावर एकेचाळीस जणांचे फोटो होते. सगळ्यांत मोठे, गॉगल लावून फोन कानाला धरलेले उदयसिंहदादा. दादा नेमके कशाचे नेते होते हे सांगता आलं नसतं, पण ते होते याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. प्रांजलचा फोटो उजव्या कोपऱ्यात, रास्त भाव दुकानदाराच्या खाली होता.

"तू शास्त्रज्ञ होणार असं गावाने जाहीर केलंय," नाथाजी सर शांतपणे म्हणाले. "आता तू न होण्याला गावाची हरकत नाही, असा कागद आण."

प्रांजलने अर्ज भरून तिथंच दिला. कागद द्यायचा तो ग्रामसेवक आकाराम भाऊसाहेबांनी. भाऊसाहेबांकडे दोन गावांचा चार्ज होता, वाडीचा आणि ओढ्यापलीकडच्या गावाचा. प्रांजल चार दिवस दोन्हीकडे हेलपाटे घालत होती. वाडीत गेलं की शिपाई धनाजी म्हणायचा, "आत्ता तर गेलं की! त्या गावात असतील." त्या गावात गेलं की तिथला शिपाई म्हणायचा, "आत्ता तर गेलं! वाडीत बगा." सायन्सची विद्यार्थिनी असल्यामुळे ती वेळा वहीत लिहून ठेवत होती. हजेरीबुकात भाऊसाहेब दोन्ही गावांत अकरा वाजून पाच मिनिटांनी हजर होते. चारही दिवस.

शेवटी ती स्टँडवर उदयसिंहदादांना भेटली. दादा स्वतःच्याच डिजिटलच्या सावलीत उभे होते.

"दादा, मला तो विषय सोडायचाय. नमुना सात, विषय-त्याग अर्ज भरलाय. बोर्ड उतरवला तरी चालंल."

दादांच्या हातातला फोन खाली आला. "बोर्ड उतरवायचा? अगं ताई, वर एकेचाळीस मानसं हाईत. एकाला खाली उतरवलं तर चार महिनं बोलत न्हाई, हितं एकेचाळीस! फुडं इलेक्शन हाय."

"मग माझा एकटीचा फोटो काढा."

"तुजा काढून काय उपेग? तुजा कुनाला दिसतोय?" दादा विचारात पडले, आणि बघता बघता त्यांचा चेहरा उजळला. "नमुना सातवर काय लिवलंय म्हनालीस? त्याग? आगं मग हे लय मोठं काम हाय! तू काळजी करू नगंस. माज्यावर सोड."

काळजी करू नको असं दादा म्हणाले की लोक काळजीला लागत. प्रांजल थेट आईकडे शेडवर गेली. दुपारची वेळ होती, बाकीच्या बाया डबा खायला गेल्या होत्या. आईशेजारी बसून ती सवयीने डागी दाणे वेचू लागली आणि वेचता वेचता रडायला लागली.

भामाबाईने तिचे हात बेदाण्यातून बाजूला केले. "कवाधरनं ऐकतीया, क्वांटम क्वांटम. पर हाय काय त्यात? सांग की मला."

प्रांजलने आईकडे पाहिलं. दोन चाचण्या, एक प्राध्यापक, एक कार्यालय, दोन ग्रामपंचायती आणि एकेचाळीस शुभेच्छुक झाले होते. हे कुणीच विचारलं नव्हतं.

"आये, एक बारीक कण असतोय," तिने नाक पुसत सुरुवात केली. "त्यो एकाच वक्ताला हितंबी असतोय आन तितंबी असतोय."

"बरं."

"बरं काय? असं कसं असंल?"

"तू फुडं बोल."

"आन आपुन बघाय गेलो, की एकाच जागी घावतोय. न बघता तो कुटं हाय ते सांगता येत न्हाई. हितं असायची शक्यता एवढी, तितं एवढी, इतकंच सांगता येतंय."

भामाबाईने एक काळा दाणा उचलून बाजूला टाकला. "ह्यात अवघड काय हाय? आपलं भाऊसाहेब न्हाईत का! कागदावर दोन्ही गावात हजर. शोधाय जावं तर आत्ताच गेल्यालं. नशीब असलं तर एका जागी घावत्यात."

प्रांजल सरसावून बसली. "आन आये, तो कण नेमका कुटं हाय ते कळलं, तर किती वेगानं कुणीकडं चाललाय ते कळत न्हाई."

"व्हय की. त्यांची गाडी हापिसाफुडं हुबी दिसली, तर कुणीकडं निगाल्यात ते कळतंय का? आन रस्त्यानं सुसाट गेल्याली दिसली, तर आता कुटं असतील ते कोन सांगंल?"

प्रांजलने पिशवीतून पुस्तक काढलं. पान त्रेचाळीस, जिथं ती दोन महिने अडकून पडली होती. कणाच्या जागी तिने भाऊसाहेबांना ठेवलं. समीकरण सरसर वाचता आलं. तिने पान उलटलं, तेही समजलं. दोन गावांच्या मधला ओढा म्हणजे कणाच्या वाटेतली भिंत, आणि भाऊसाहेब पूल नसताना पलीकडे निघतात, हा पुढचा धडा तर तिने हसत हसत संपवला. चार दिवसांच्या वहीतल्या वेळांचा आलेख काढला, तो पुस्तकातल्या आकृतीसारखाच आला. आनंदाने तिने आईला मिठी मारली आणि दोघी मिळून बेदाण्याच्या ढिगात कलंडल्या.

तेरा तारखेच्या चाचणीत तिला वीसपैकी सतरा गुण पडले. चौदाला ती उड्या मारतच कार्यालयात गेली.

"सर, माझा अर्ज रद्द करा. मला विषय सोडायचा नाही."

नाथाजी सरांनी तिच्याकडे फार आदराने पाहिलं. "अर्ज मंजूर झालाय. दादांचा फोन होता. संस्थेच्या इतिहासात एवढी लवकर फाईल हललेली नाही. दहा तारखेपासून तू बेदाण्यात."

"पण ना हरकत? दाखला?"

"मागाहून येतील. मागच्या तारखेने."

"पण सर, मला विषय समजला! तेराच्या चाचणीत सतरा पडलेत!"

"ते रद्द होतील. दहाला विषय सोडलेल्या मुलीने तेराला परीक्षा दिलीच कशी?" नाथाजी सरांचा स्वर जरा करडा झाला. "परत घ्यायचा असेल तर नमुना आठ. त्यागाचा त्याग. त्याला विषय समजल्याचा पुरावा लागतो."

"म्हणजे?"

"त्या विषयाच्या परीक्षेतले गुण."

"परीक्षेला बसायला काय लागतं?"

"विषय," नाथाजी सर म्हणाले, आणि जेवायला गेले.

वीस तारखेला वाडीत 'विषय-त्याग गौरव समारंभ' झाला. हलगी होती, फेटे होते, शाल आणि नारळ होता. आकाराम भाऊसाहेब जातीने हजर होते; पलीकडच्या गावातल्या रक्तदान शिबिराच्या पत्रिकेवरही त्याच वेळेला त्यांची 'प्रमुख उपस्थिती' होती. ना हरकत दाखल्यावर त्यांनी व्यासपीठावरच, टाळ्यांच्या गजरात, नऊ तारखेची सही केली.

"आजच्या काळात सोडतंय कोन?" उदयसिंहदादा माईकवर गरजले. "खुर्ची कोन सोडत न्हाई, बांधाची वीतभर जागा कोन सोडत न्हाई. आन ह्या आपल्या पोरीनं, हसत हसत, आख्खं क्वांटम सोडलं!"

टाळ्या थांबेनात. प्रांजलच्या हातात माईक आला. तिचा फेटा डोळ्यांवर आला होता, तो तिने वर सारला.

"मला विषय सोडायचा नाही," ती स्पष्ट म्हणाली. "मला तो समजलाय. माझ्या आईनं समजावून सांगितला."

"बगा, किती नम्र हाय!" दादा म्हणाले, आणि हलगी सुरू झाली. भामाबाई मंडपाच्या मागं बायकांत उभी होती. ती मात्र हलगी संपेपर्यंत थांबली नाही. उरलेली निवडणी होती म्हणून शेडवर निघून गेली.

जुना बोर्ड उतरवणं शक्यच नव्हतं, म्हणून नवा त्याच्यावरच ठोकला : 'त्यागमूर्ती कु. प्रांजल'. आत शास्त्रज्ञ आणि वर त्यागमूर्ती, अशी ती आता एकाच खांबावर दोन्ही आहे.

कॉलेजात बेदाणा शिकवायला माणूस नव्हता, म्हणून तो जादा चार्ज विश्वजित सरांनाच मिळाला. वेळ तीच, वर्गही तोच. त्यामुळे प्रांजल पूर्वीच्याच बाकावर बसते, सर पूर्वीचंच क्वांटम वाचतात आणि अडले की तिला फळ्यापाशी बोलावतात. ती भाऊसाहेबांचं उदाहरण सांगते, पोरं पोट धरून हसतात आणि सरसुद्धा वहीत उतरवून घेतात. वार्षिक परीक्षेत त्या वर्गातली सगळी पोरं क्वांटममध्ये पास झाली.

बेदाण्याच्या पेपरात पहिला प्रश्न होता, 'उत्तम बेदाणा कसा ओळखाल?' प्रांजलने आई ओळखते तसं लिहिलं. ते नमुना उत्तरपत्रिकेशी जुळलं नाही. वीसपैकी दोन.

आता ही गुणपत्रिका कुठं ना कुठं जाईल. पुढच्या प्रवेशाला जाईल, नोकरीला जाईल, सोयरिकीलाही जाईल. टेबलापलीकडचा माणूस 'बेदाणा : अनुत्तीर्ण' एवढं बघेल, आणि मग तिचं जे काय व्हायचं ते त्या बघण्यावर ठरेल. 'हाय काय त्यात?' असं विचारणारी या सगळ्या प्रकरणात एकच बाई निघाली, आणि तिचा फोटो दोन्हींपैकी एकाही बोर्डावर नाही. तुम्ही तासगावकडनं एसटीने जात असाल तर स्टँडवर नीट बघा. नव्या बोर्डाच्या अगदी तळाशी, शुभेच्छुकांच्या शेवटच्या ओळीत, 'समस्त सुशिक्षित नागरिक' असं छापलंय. ते म्हणजे तुम्ही आणि मी.