झरीच्या गायरानातले बेपत्ता भुंगे

“मराठवाड्यात खरे गुप्तहेर दोनच. एक मी. दुसरा इतका गुप्त हाय, की अजून मलाबी सापडला न्हाई.”

हे भागवतराव. एसटीत तीस वर्षे कंडक्टर होते. विनातिकीट प्रवासी चेहऱ्यावरून ओळखत. मी कीटकशास्त्रज्ञ, झरीत त्यांची भाडेकरू. त्यांच्या मते सहायक.

प्रकरण असे. निळा शेणभुंगा जगात फक्त झरीच्या गायरानात आढळतो. शेणात राहतो, शेणच खातो. पाच वर्षांत तो कुणाला दिसला नव्हता. आज संध्याकाळपर्यंत एकही जिवंत भुंगा सापडला नाही, तर अहवालात ‘नामशेष’ लिहून मला सही करायची होती. अशी सही मी पूर्वी कधी केली नव्हती.

दरवर्षीप्रमाणे सर्वेक्षण सकाळी दहाला सुरू झाले.

“तस्करी,” भागवतराव म्हणाले. त्यांनी पाथरीला जाणारी जीप अडवून तपासली. आत भेंडी निघाली. मग त्यांनी बांधावरच्या मोराकडे बोट दाखवले. “चेहरा बघा त्याचा. तिकीट न्हाई त्याच्याकडं.”

मी टिपले : मोर, पुरावा नाही.

दुपारी त्यांनी म्हशी निरखल्या. “राजेश्रीताई, इथं रोज चाळीस गुरं चरायलीत आन् कालचं शेण कुठंच न्हाई. याचा अर्थ एकच.”

“काय?”

“गुरं बनावट हायेत.”

चार वाजले. मी अहवाल उघडून पेनाचे टोपण काढले. तेवढ्यात पाटी घेऊन तिथून निघालेल्या गावातल्या चतुराबाई थांबल्या.

“काय हुडकायलाव सकाळधरनं?”

“शेणातला निळा भुंगा, मावशी.”

“ते व्हय! दिस उगवायच्या आत म्या इथलं शेण येचून नेते, गवऱ्या थापायला. आत किडं आसलं की गवरी फुटती. मग तेवढं शेण त्या बाभळीमागं फेकते.”

“कवाधरनं?” भागवतरावांनी दरडावले.

“सून आली तवाधरनं. पाच वर्सं झाले. आन् वरडायलाव कशाला? तुमी येताव दहाला, तुमाला काय दिसंल?”

बाभळीमागे ढीग होता. तो हलत होता. मी मोजले : एकेचाळीस. भागवतरावांनी आनंदाने ढिगात उडी मारली. मी पुन्हा मोजले : चाळीस.

अहवालात ‘अतिसंकटग्रस्त’ लिहिले आणि सही केली. ‘सध्याचे संरक्षक उपाय’ या रकान्यात लिहिले : चतुराबाई, रोज सकाळी.

“आन् माझं नाव?” भागवतरावांनी विचारले.

तेही घातले. ‘धोके’ या रकान्यात.