घरचं उदाहरण

प्रस्तावना

"तिसऱ्या खेपेला सहा! भिंतीवर लिहून ठेवा!" असं लिफ्टवाल्यानं घरात जाहीर केलं, आणि बायको लगेच भिंतीसमोर आडवी येऊन उभी राहिली. रंग नुकताच दिला होता.

लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. अठरा वर्षांत त्यानं एकही लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे लटकत सोडली नव्हती. आता तो स्वतःच लटकला होता! इंग्रजीच्या परीक्षेत ऐकण्यात सहा, वाचण्यात सहा, बोलण्यात तर साडेसहा. निबंधात मात्र साडेपाच. दोनदा! पाचव्याच्या वर, सहाव्याच्या खाली. दार उघडेना, घंटा वाजेना. परदेशातल्या एका कंपनीनं त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती, बिऱ्हाडासकट या म्हणत होती. अट एकच, निबंधात सहा. मुदत महिनाअखेर.

शिकवणीच्या बाईंनी त्याचा निबंध ओल्या फडक्यासारखा दोन बोटांत धरला.

"अहो, यात माणसंच नाहीत! 'काही लोक म्हणतात', 'बरेच लोक मानतात'. कोण हे लोक? राहतात कुठे? उदाहरण द्या, घरचं! वाचणाऱ्याचा जीव खालीवर झाला पाहिजे."

खालीवर म्हटल्यावर लिफ्टवाल्याला चटकन पटलं. पण घरी उदाहरण होतं कुठे? वडील, म्हणजे अण्णा, धडधाकट. बायको बोलकी. मेहुणा इतका सरळमार्गी की रिकाम्या रस्त्यावरही डावीकडून चालणारा. अशा घरावर अडीचशे शब्द निघतात होय? मग लिफ्टवाल्यानं घराला जरा हातभार लावला.

उदाहरण

(मूळ इंग्रजीत. मराठीत सांगायचं तर असं.)

टीव्हीमुळे कुटुंबं तुटतात का? "टीव्हीपायी माझी बायको चार वर्षं माझ्याशी बोललेली नाही." खाली लाल शाईत: वा! सहा. धीर धरा.

मोबाइल, शाप की वरदान? "मोबाइलवरच्या जुगारापायी माझा मेहुणा तुरुंगात आहे. फार हुशार मुलगा होता." लाल शाईत: अंगावर काटा आला. सहा.

म्हाताऱ्यांनी मुलांपाशी राहावं का? "वडिलांना मी वृद्धाश्रमात ठेवलं आहे. तिथे ते टेबल टेनिस खेळतात आणि पूर्वीपेक्षा आनंदी आहेत." लाल शाईत: साडेसहा!! डोळे भरून आले.

'धीर धरा' हे परीक्षेबद्दल आहे, असं त्याला वाटलं. तुम्हीच सांगा, कुणालाही तसंच वाटलं असतं की नाही!

आता शब्द मोजायचं काम अण्णांकडे होतं. अण्णांनी पस्तीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले. इंग्रजीची हजारो पानं उलट्या अक्षरांत त्यांच्या बोटांखालून गेली. पण अर्थ लावायचा पगार वेगळा मिळत नव्हता, म्हणून त्यांनी तो कधी लावला नाही. दर दहा शब्दांना पेन्सिलीचं एक टिंब. त्या दुपारी, तपासून आलेल्या तिसऱ्या निबंधावर, टिंबं एकशेदहाव्या शब्दापर्यंत गेली. पुढचे शब्द 'माझे वडील'. त्यापुढे 'वृद्धाश्रम'. एवढं इंग्रजी कुठल्याही बापाला येतं.

पुढे टिंब नाही.

दुसरी बाजू

संध्याकाळी लिफ्टवाला ग्रीसचे हात घेऊन घरी आला, तर दारात बॅग, बॅगेवर अण्णा, अंगात स्वेटर.

"अण्णा, कुठे निघालात?"

"तू पाठवशील तिथे. एवढंच सांग, बॅट तिथे देतात, का आपली न्यायची?"

"कसली बॅट?"

"मला येत नाही, पण शिकेन रे. आनंदी पण राहीन. तू जा परदेशी निर्धास्त."

लिफ्टवाल्यानं आत हाक मारली, "अगं, अण्णांना काय झालंय?"

बायको बाहेर आली, पण बोलली अण्णांशी. "अण्णा, ह्यांना सांगा, मी चार वर्षं ह्यांच्याशी बोलत नाहीये. आजचा पहिला दिवस आहे, पण पुढची सगळी भरून काढीन!"

"अण्णा, ही काय बोलतेय?"

"ती म्हणते की..."

"ऐकलं मी, अण्णा!"

"आणि हेही सांगा, टीव्ही दोन वर्षं बंद पडलाय! जगाच्या लिफ्टा दुरुस्त होतात, घरचा टीव्ही काही होत नाही!"

"ती म्हणते, टीव्ही..."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मेहुणा आला. अण्णांची बॅग पाहून बायकोनं निबंधाची वही काढली होती, आणि ती वाचून दाखवायला भावाला बोलावून घेतलं होतं. त्यानं घसा साफ केला.

"भाऊजी, एकच विचारतो. मी सुटतो कधी?"

"कुठून?"

"आणि 'हुशार मुलगा होता' म्हणजे? होता?"

लिफ्टमधे एखाद्या द्वाड पोरानं सगळ्या मजल्यांची बटणं एकदम दाबावीत, तसं लिफ्टवाल्याचं डोकं झालं. प्रत्येक मजल्यावर दार उघडत होतं आणि प्रत्येक दारात वेगळाच माणूस ओरडत होता! मग त्याला मेहुण्याच्या हातातली वही दिसली.

"अरे, हे निबंध आहेत! खोटं आहे सगळं! बाईंनीच सांगितलं, उदाहरण द्या म्हणून!"

"अण्णा, ह्यांना सांगा, बोलवा त्या बाईंना!"

बाई मागच्याच गल्लीत राहायच्या. दहा मिनिटांत आल्या आणि दारातच थबकल्या. बॅगेवरचे अण्णा पाहून त्यांचा चेहरा फुलला.

"अगंबाई! घरी आणलंत? छान केलंत हो! काय आजोबा, कसं चाललंय टेबल टेनिस?"

मग त्यांनी बायकोचे दोन्ही हात हातात घेतले. "बोल गं. किती दिवस अबोला धरायचा? दोन शब्द तरी बोल त्याच्याशी."

मग त्यांची नजर मेहुण्यावर गेली. पर्स काखेत घट्ट दाबत त्या हळूच म्हणाल्या, "आणि... हे सुटले का?"

'धीर धरा'चा अर्थ लिफ्टवाल्याला त्या क्षणी लागला.

घरात ठराव झाला: यापुढे निबंधात खरं तेच लिहायचं. अण्णांची शपथ! तेव्हा कुठे अण्णांनी स्वेटर काढला. लिफ्टवाल्यानं दुसऱ्याच दिवशी हाच सगळा गोंधळ जसाच्या तसा लिहून बाईंना दाखवला. बॅग, बॅट, मेहुणा, पर्स, सगळं! लाल शाईत उत्तर आलं: उदाहरण ओढूनताणून आणलेलं. असं कुठल्या घरात घडतं? साडेपाच.

बाई स्वतः त्यात होत्या हो!

निष्कर्ष

परीक्षेत विषय आला, म्हाताऱ्यांची काळजी कुणी घ्यावी, घरानं की संस्थेनं? स्वतःच्या अनुभवातलं उदाहरण द्या. वेळ चाळीस मिनिटं.

खरं लिहावं तर साडेपाच. खोटं लिहावं तर अण्णांची शपथ. अकरा मिनिटं लिफ्टवाला नुसता बसून राहिला. मग त्यानं लिहायला घेतलं.

निकाल लागला. सहा!

बायकोनं चार वर्षांचं बोलणं पाव तासात उरकलं. मेहुणा जामीन मिळाल्यासारखा नाचला. अण्णा तेवढे शांत होते.

"शब्द किती?"

"दोनशे चौसष्ट."

"खरंच लिहिलंस ना?"

"...हो, अण्णा."

अण्णांनी पेन्सिल कानामागे खोचली.

"बरं. मग शेवटच्या सामन्यात मी जिंकलो का?"

लिफ्टवाल्याची मान खाली गेली.

"अकरा-नऊ, अण्णा."