उजव्या गुडघ्याचा गुन्हेगार

गोपाळकृष्ण घैसास यांच्या मते खऱ्या अर्थाने सूक्ष्म म्हणावी अशी नजर आता देशात एकच उरली होती, आणि ती सदाशिव पेठेत त्यांच्याच घरी मुक्कामाला होती. सरकारी कचेरीतून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाल्यावर आठवड्याच्या आत त्यांनी फाटकाला पाटी लावली : ‘गो. घैसास, खासगी अन्वेषक. फक्त गुंतागुंतीची प्रकरणे घेतली जातील. सोपी आपली आपण सोडवावीत.’ शेजारीच एक जुनी पाटी होती : ‘सोनचाफ्याची फुले तोडू नयेत. तोडणाऱ्यावर नजर आहे.’ नजर होती यात शंका नाही. फुलंही रोज जात होती.

अनंतराव हे शेजारी. त्यांना सहायक नेमण्यात आलं ते स्कूटरमुळे. स्कूटर अनंतरावांची, पेट्रोल अनंतरावांचं आणि निष्कर्ष घैसासांचे, अशी कामाची वाटणी होती. विमा कंपनीत उमेदीची वर्षं घालवलेल्या अनंतरावांना नको ते ऐकून घ्यायची सवय होती, त्यामुळे भागीदारी टिकली.

एका सकाळी पलीकडच्या गल्लीतले श्रीनिवास आले. बसायच्या आधीच घैसास म्हणाले, “तुमचा नोकर पळून गेलाय.”

“आमच्याकडे नोकर नाही,” श्रीनिवास म्हणाले. “बायको पळते.”

“कोणाबरोबर?” घैसासांचा आवाज खाली आला.

“एकटीच. रोज पहाटे. व्यायाम म्हणून.”

घैसासांचा चेहरा जरा पडला, पण श्रीनिवासांनी पुढचं सांगितलं तेव्हा अनंतरावांना मनापासून वाईट वाटलं. बायकोचं नाव हेमा, वय चव्वेचाळीस. शाळेतली नोकरी, घर, सासूबाईंची पथ्यं या सगळ्यात तिने कधी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. या वर्षी तिने अर्धमॅरेथॉनमध्ये नाव घातलं आणि सात महिने पहाटेच्या अंधारात पळत राहिली. आता शर्यत महिन्यावर आली आणि दोन महिने दुखत असलेला उजवा गुडघा सुजायला लागला. नारायण पेठेतल्या डॉक्टर सुनीतीबाई पळणाऱ्यांची तपासणी करतात. पळायच्या पट्ट्यावर पळवतात, सांध्यांवर ठिपके चिकटवतात, मागून आणि बाजूने चित्रण करतात आणि मग ते अगदी सावकाश चालवून बघतात, पाऊल आत कलतंय का, कंबर एका बाजूला खचतेय का. पुढचं दुखणं आधीच पकडायचं, असा सगळा हिशोब. हेमाच्या पळण्यात त्यांना काहीच सापडलं नाही.

“डॉक्टर म्हणाल्या, पट्ट्यावर सगळं छान आहे, म्हणजे भानगड रस्त्यावर आहे. कोणीतरी हिची पूर्ण सकाळ बघा. आठवड्याने सूज दिसली तर शर्यत विसरा,” श्रीनिवास म्हणाले. “मला पाचला उठणं जमत नाही हो. आणि हिला विचारलं तर म्हणते, मी फक्त पळते.”

“सगळे गुन्हेगार असंच म्हणतात,” घैसास म्हणाले.

“पण ती गुन्हेगार नाहीये. तिचा गुडघा दुखतोय.”

“ते ठरवायला मी बसलोय.”

पहिला संशय बुटांवर गेला. सुनीतीबाईंच्या दवाखान्यात चपला-बूट बाहेर काढायचे, असा नियम होता. घैसास जिन्यात दबा धरून बसले आणि हेमा आत जाताच भिंग काढून बुटांचे तळ तपासले. टाच एका बाजूने भयंकर झिजलेली! कोणीतरी मत्सराने कानशीने घासली असणार, हे त्यांनी तिथेच ठरवलं. पुरावा म्हणून बूट पिशवीत घातले. अर्ध्या तासाने एक निवृत्त कर्नल अनवाणी जिना उतरले आणि त्यांनी जिन्यातच जे उद्गार काढले, त्यांतला एकही अनंतरावांनी घैसासांच्या पत्नी कुसुमवहिनींना सांगितला नाही.

दुसरा संशय रस्त्यावर. घैसासांनी गवंड्याकडून पाणसळ आणली आणि भर रहदारीत डांबरावर ठेवून जाहीर केलं, “रस्ता उजवीकडे झुकलेला आहे. महापालिकेचा कट!”

“येताना तोच रस्ता डावीकडे झुकेल ना?” अनंतराव म्हणाले.

“अनंतराव, आपण फक्त स्कूटर सांभाळा.”

तिसरा संशय थेट यंत्रावर गेला. पट्टाच वाकडा असला तर? घैसास स्वतः त्यावर चढले. सुनीतीबाईंनी शांतपणे त्यांना ठिपके चिकटवले, पट्टा चालू केला आणि थोड्याच वेळात बंद केला, कारण घैसास पुढे न जाता मागे जात होते.

“यंत्र सरळ आहे,” चित्रण बघत त्या म्हणाल्या. “तुमची मान मात्र कायम खाली. कितीक वर्षांत तुम्ही वर बघितलेलं दिसत नाही. सांभाळा, एखाद दिवशी खांबावर आपटाल.”

“पायाचे ठसे आकाशात नसतात, डॉक्टर.”

“नसतात. खांब असतात.”

मग पाठलाग सुरू झाला. अनंतराव पहाटेच्या गारठ्यात स्कूटर पुढे ढकलल्यासारखी हळू चालवत, मागे घैसास कानटोपी घालून बसत. हेमा छान पळत होती. अनंतरावांना पळण्यातलं काही कळत नव्हतं, पण तिच्याकडे बघताना बरं वाटायचं. घरी कधी दिसलं नाही असं तिच्या चेहऱ्यावर काहीतरी असायचं. शेवटी ती घैसासांच्या गल्लीकडे वळली, की घैसास पाठीवर थाप मारत, “थांबा. कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा.”

“अहो, अजून तिचं घर यायचंय.”

“ही गल्ली माझी आहे. इथे काही घडायची कोणाची छाती नाही.”

रोज असंच. रोज ती सरळ पळत गल्लीत शिरायची आणि संध्याकाळी गुडघा सुजलेला असायचा. तपासणीच्या आदल्या दिवशी श्रीनिवास पुन्हा आले. हेमा रात्री बोलली नव्हती, नुसती गुडघ्यावर बर्फ धरून बसली होती, असं त्यांनी सांगितलं. अनंतरावांना चहा गोड लागेना.

“काळजी नको,” घैसास म्हणाले. “माझा निष्कर्ष तयार आहे. आपल्या पत्नी पळताना गुडघा दुखणार अशी भीती बाळगतात, त्या भीतीने रक्त उजवीकडे—”

“अहो,” आतून पोह्यांच्या बशा घेऊन कुसुमवहिनी आल्या. “हेमाचंच चाललंय का? ती आपल्या फाटकापाशी उड्या मारते त्याने होत असेल.”



“कसल्या उड्या?” अनंतरावांनी विचारलं.

“चाफ्यासाठी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघते ना मी. पळून दमलेली असते बिचारी, आणि मग उजव्या पायावर उडी मारून फांदी धरते. धप्पकन त्याच पायावर उतरते. पुन्हा उडी. सासूबाईंनी तिला पळायला सोडलं ते देवाला फुलं आणायच्या अटीवर.”

“मला वाटायचं विकत आणते,” श्रीनिवास पुटपुटले.

“तू माझ्यापासून चोर लपवलास?” घैसास खुर्चीतून उठले. “मी सात महिने झाडाखाली ठसे शोधतोय!”

“देवालाच जातात, चोरी कसली? आणि पूर्वी उड्या मारायची गरजच नव्हती. हात नुसता वर केला की फूल. चोर पोचू नये म्हणून दोन महिन्यांपूर्वी तुम्हीच ना खालच्या फांद्या छाटल्या?”

श्रीनिवासांनी हिशोब केला. गुडघा दुखायला लागून दोनच महिने झाले होते. अनंतरावांनी घैसासांकडे बघितलं. घैसास पोह्यांकडे बघत होते. गुन्हेगार सापडला होता, त्याचा पत्ताही माहीत होता आणि त्याच्या नावाची पाटी फाटकावर होती.

“पण तिने डॉक्टरांना का नाही सांगितलं?” घैसासांनी विचारलं.

“घरचं काम व्यायामात कोण धरतं हो?” कुसुमवहिनी म्हणाल्या.

सुनीतीबाईंनी दुसऱ्या दिवशी सगळं ऐकलं, कपाळाला हात लावला आणि आणखी एक आठवडा दिला. उड्या बंद, पळणं थोडं. त्या संध्याकाळी घैसास स्वतः स्टुलावर चढून जुनी पाटी काढताना दिसले. पहाटे हेमा फाटकापाशी आली तेव्हा फाटकाला कापडी पिशवी अडकवलेली होती आणि वर नवी पाटी होती : ‘फुले पिशवीत आहेत. उडी मारू नये. हुकमावरून.’ हेमा वाचून आधी शरमली आणि मग तोंडावर हात ठेवून इतकी हसली, की खिडकीतल्या कुसुमवहिनींना पण राहवेना. पुढच्या तपासणीला सूज नव्हती.

शर्यतीच्या सकाळी घैसास पिशवी घेऊनच निघाले. “आज ती गल्लीतून जाणार नाही. मग फुलं कोण नेणार?” स्कूटरवर बसताना ते म्हणाले. शेवटच्या रेषेपाशी गर्दीत तिघं उभे होते, डोळे चोळत का होईना, पण आलेले श्रीनिवासही. हेमा आली ती चालत नाही, लंगडत नाही, पळतच आली. रेषा ओलांडून ती थांबली, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून वाकली आणि रडली. अनंतरावांना स्वतःच्या डोळ्यांचं नवल वाटलं.

घैसासांनी पिशवी पुढे केली. “सासूबाईंच्या देवासाठी.”

हेमाने पिशवीत हात घातला. एक फूल उचललं, वास घेतला, क्षणभर विचार केला आणि ते केसांत खोचलं. मग पिशवी तिने श्रीनिवासांच्या हातात दिली. “तुम्ही न्या घरी. मी जरा बसते.”

श्रीनिवास मुकाट्याने निघाले, तेवढ्यात घैसासांनी त्यांना अडवलं आणि पिशवीत डोकावून बघितलं. मग खाली वाकून जमीन न्याहाळली.

“अनंतराव,” ते हळूच म्हणाले, “सकाळी मी स्वतः मोजलेली. एक फूल कमी आहे.”

“घैसास,” अनंतराव म्हणाले, “जरा मान वर करा.”