रडवणाऱ्या सुरांची चाचणी

"जेवणाचं मी बघते, गॅरेज सिग्ने आवरेल, व्हिडिओ तू कर," असं लोरेनने आपल्या नवऱ्याला, कर्टिस नेल्विकला, सांगून टाकलं. त्यांची मुलगी सिग्ने शाळा संपवून बाहेर पडत होती. जूनमध्ये गॅरेजमध्ये मेजवानी होणार, गाव येणार, आणि जन्मापासूनच्या फोटोंचा व्हिडिओ लागणार. गेल्या वर्षी कर्टिसच्या बहिणीने, डोरीनने, मुलाचा असाच व्हिडिओ लावला होता, आणि गॅरेजमध्ये एकही डोळा कोरडा राहिला नव्हता, असं ती अजून भेटेल त्याला सांगत होती.

पण कर्टिसची काळजी डोरीनपेक्षा मोठी होती. एकुलती एक मुलगी ऑगस्टमध्ये समुद्राचा अभ्यास करायला ओरेगॉनला जाणार होती, आणि त्यावर त्याच्या तोंडून अजून एक शब्द निघाला नव्हता. नेल्विकांच्या घरात माया बोलून दाखवायची रीत नव्हती. मुलीवर जीव असला की बाप तिच्या गाडीचे टायर तपासतो. कर्टिसने ते इतक्यांदा तपासले होते की सिग्नेने एकदा विचारलं होतं, "बाबा, तुझा टायरवर विश्वास नाही की माझ्यावर?" तेव्हा तो हवेचा दाब पुन्हा एकदा बघायला वाकला होता. आता जे काही सांगायचं ते व्हिडिओनेच सांगावं, एवढीच त्याची इच्छा होती.

फोटो लावून झाले. अडलं ते संगीतापाशी. व्हिडिओ करायच्या प्रोग्राममध्ये फुकट धुनांची भलीमोठी यादी होती, आणि कर्टिसला त्यातलं काहीच कळत नव्हतं. मात्र तो डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधातलं फॅट तपासायचा. जे कळत नाही त्याची चाचणी घ्यावी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सिग्नेचे फोटो दाखवले तर माणसं फोटोंमुळे रडतील. म्हणून त्याने दुधाची टाकी कशी धुवावी, याची डेअरीतली फिल्म घेतली आणि तिच्यामागे एकेक धून लावली. टाकी धुताना बघून ज्या सुरांनी माणूस रडेल, ते सूर सिग्नेच्या फोटोंवर काय करतील!

व्हायोलिन ऐकून शेजारच्या टेबलावरची मार्लीन म्हणाली, "छान. टाकी लख्ख निघाली."

गिटार ऐकून टँकरवाला ड्वेन म्हणाला, "यावर बियर पाहिजे."

मग त्याने 'हृदयस्पर्शी' या सदरातली पहिलीच पियानोची धून लावली. ब्रश टाकीच्या तळाशी पोहोचेपर्यंत मार्लीनचे डोळे भरून आले.

"मार्लीन? काय गं झालं?"

"काही नाही. माझी इडा मावशी... बंद कर बाबा ते," असं म्हणून ती नाक पुसत बाहेर गेली.

ड्वेनने टोपी काढून छातीशी धरली. टाकीकडे एकटक बघत तो म्हणाला, "माणूस आज आहे, उद्या नाही रे, कर्टिस."

दोन्ही नमुन्यांचा निकाल इतका स्वच्छ आला होता की कर्टिसने तिसरा घेतलाच नाही. लोरेनने "मला दाखव तरी" म्हटलं, तर तो म्हणाला, "त्या दिवशीच बघ."

मेजवानीच्या दिवशी गॅरेज माणसांनी भरलं होतं. पोर्कचे सँडविच, लोणची, लिंबाच्या वड्या, सगळं मांडून झालं होतं. माणसं मोठमोठ्याने हसत होती, आणि कर्टिसला वाटत होतं की या हसण्यात आपला पियानो कोणाला ऐकूसुद्धा येणार नाही. त्याने आवाज वाढवला आणि बटण दाबलं.

पहिले चार सूर वाजले आणि गॅरेज चिडीचूप झालं. पुरुषांनी टोप्या काढल्या. कोणीतरी अर्धा सँडविच हळूच बशीत ठेवला. लागू पडलं, कर्टिसच्या मनात आलं. एवढं लागू पडेल असं त्यालाही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात व्हर्नर काका जवळ आले. कर्टिसच्या वडिलांच्या मागे राहिलेले हे एकच वडीलधारे. त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "शेवटी त्रास तर नाही ना झाला?"

"कोणाला, काका?"

"पोरीला."

"काका, ती काय तिथे सॅलड वाढतेय."

काकांनी वळून पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "बरी दिसतेय."

पडद्यावर सिग्ने मोठी होत गेली, आणि इथे कर्टिसच्या ध्यानात न आलेली एक गोष्ट उघडी पडली. दहा वर्षांची झाल्यावर तिला कॅमेरा मिळाला होता. शेवटचा सोडला तर त्यानंतरचे फोटो तिनेच काढलेले, आणि त्या सगळ्यांत होता कर्टिस. कर्टिस आणि मासा. कर्टिस आणि बर्फ काढायचं यंत्र. कर्टिस खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेला.

मागच्या खुर्च्यांवरून दबके आवाज येऊ लागले.

"साधा माणूस होता."

"न सांगता माझ्या दारातला बर्फ काढायचा."

"कधी कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

कर्टिस त्यांच्या मागेच उभा होता. खोकावं की नाही, हे त्याला ठरवता येईना.

पलीकडच्या घरातली फिलिस भेटवस्तू घेऊन फाटकापर्यंत आली होती. पियानो ऐकून ती तशीच मागे फिरली आणि दुखवट्याच्या घरी नेतात तसा, ओव्हनमध्ये भाजलेला बटाट्याचा गरम हॉटडिश घेऊन आली. तिने तो लोरेनच्या हातात दिला आणि तिला मिठी मारली. "काही खाल्लंस का गं तू?"

"फिलिस, मी साठ माणसांचं रांधलंय."

"असू दे. रडून घे."

डोरीन गर्दीतून वाट काढत आली आणि तिने भावाचा दंड पकडला. "कर्टिस! अरे, हे दफनाचं आहे!"

"काय दफनाचं?"

"हे संगीत! होल्टेगार्ड दर अंत्यविधीला गेलेल्या माणसाच्या फोटोंवर हेच लावतात. आईच्या वेळी हेच होतं! तू होतास कुठे?"

"गाड्या लावत होतो," कर्टिस म्हणाला.

आणि ते खरं होतं. गावात कोणी गेलं की तो चर्चबाहेर, उन्हात किंवा बर्फात, गाड्या लावायला उभा राहायचा. लोक त्याला सेवाभावी म्हणत. खरं म्हणजे माणसं रडायला लागली की कुठे बघावं, हे त्याला समजत नसे. त्यामुळे आत काय वाजतं, हे अख्ख्या गावात त्या एकट्यालाच माहीत नव्हतं.

"बंद करतो," तो घाईने पुढे निघाला.

"वेडा आहेस का? माणसं डोळे मिटून बसलीत. असं मध्येच बंद करतात होय?"

काळ्या झग्यातली, चौकोनी टोपी घातलेली सिग्ने पडद्यावर आली आणि पियानो थांबला. कोणी टाळी वाजवली नाही. कॉफीला कोणी हात लावला नाही. सगळे वळून कर्टिसकडे बघत राहिले. त्या सुरांनंतर घरचं माणूस उठून चार शब्द बोलतं, आणि मगच कॉफी, हे गावाच्या हाडीमाशी भिनलेलं होतं. चर्चच्या पास्टरांनी त्याला जागा करून दिली आणि हलकेच म्हणाले, "सावकाश. घाई नाही."

बोलावं लागू नये म्हणून ज्याने व्हिडिओ केला, तो माणूस आता टीव्हीपुढे उभा होता.

"सिग्ने," तो म्हणाला. "सिग्ने ऑगस्टमध्ये आपल्याला सोडून जातेय."

मागून एक हुंदका आला.

"म्हणजे ओरेगॉनला," त्याने घाईघाईने सांगितलं. "शिकायला." लोरेनने हातातला हॉटडिश खाली ठेवला. "ती इथे नसेल. मला ते आवडणार नाही. रोज सकाळी मी कॉफी करतो आणि तिची पावलं जिन्यावर वाजायची वाट बघतो. ती वाजली की मगच कामाला निघतो. तिला हे कधी सांगितलं नव्हतं."

सिग्नेने हातातला डाव सॅलडमध्ये सोडला आणि ती सरळ त्याच्यापाशी आली. "मला वाटायचं, माझ्यामुळे तुला उशीर होतो."

"होतोच," कर्टिस म्हणाला.

तिने त्याला मिठी मारली. कुठे बघावं, ते त्याला या वेळीही समजेना. शेवटी त्याने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि कुठेच बघितलं नाही.

एकदाचं गॅरेज सैल झालं. टोप्या डोक्यावर चढल्या, कॉफीचे कप भरले गेले. आणि व्हिडिओ संपला की आपोआप पुन्हा सुरू व्हावा अशी सोय कर्टिसने मोठ्या काळजीने करून ठेवली असल्यामुळे, पियानोचे पहिले चार सूर पुन्हा वाजले.

टोप्या पुन्हा उतरल्या. व्हर्नर काकांनी ओठांपर्यंत नेलेला कप खाली ठेवला. साठ माणसं निमूटपणे कर्टिसकडे वळली.

"बाबा, मी बंद करते," सिग्ने पुटपुटली.

कर्टिसने एकदा सगळ्यांकडे पाहिलं. मग तिचा हात धरून तो म्हणाला, "थांब जरा. आणखी थोडं सांगायचं राहिलंय."