प्लॅस्टरमधला नवरा

त्या रविवारी मी सिनेमाच्या डोअरकीपरशी भांडायला गेलो नसतो तर पुढचं सगळं टळलं असतं, असं मी बरेच दिवस लोकांना सांगत असे. आता सांगत नाही. (लोकांनी विचारणं बंद केलं, हेही एक कारण आहे.)

मी जयराम. पाटबंधारे खात्यात कारकून. नाशिकला कॉलनीत दोन खोल्या आणि बायको सिंधू, सटाण्याची. लग्न त्र्याहत्तर साली झालं. सत्याहत्तरला आम्हाला मुलगी झाली आणि दुसऱ्याच दिवशी गेली. त्यानंतर रविवार फार मोठा व्हायला लागला. एरवी मला ऑफिस असे. रविवारी घरात आम्ही दोघं आणि भांड्यांचे आवाज. तेव्हा मी माझ्या अकलेने तोडगा काढला. दर रविवारी सिनेमा! तीन तास अंधारात बसायचं, कुणी काही बोलायचं नाही. बोलायचंच तर इंटरव्हलला, तेही "खारे दाणे घेऊ की वेफर्स?" एवढंच.

त्या काळचे सिनेमे मला फार पटायचे. नवराबायकोचं भांडण ठरलेल्या जागी, म्हणजे इंटरव्हलच्या जरा आधी व्हायचं. नवरा ओरडायचा, बायको नेसत्या साडीनिशी घराबाहेर पडायची, वीज कडाडायची. 'घटस्फोट' हा शब्द नुसता कुणी उच्चारला तरी पडद्यावरच्या सासूच्या हातून पूजेचं ताट पडायचं. पण घाबरायचं कारण नसायचं. शेवटच्या रिळात नवऱ्याला अपघात झालाच म्हणून समजा. बायको इस्पितळात धावत यायची, कोर्टाचे कागद फाटायचे, सगळे हसायचे, दिवे लागायचे. सिंधू शेजारी पदर डोळ्यांना लावून बसलेली असायची. मी मनात म्हणायचो, पिक्चर चांगला होता.

मग त्र्याऐंशी साली तो सिनेमा आला. (नाव सांगत नाही, अजून राग आहे.) त्यातली बायको नवऱ्याला सोडून जाते ती पावसात नाही, भर दुपारी, रिक्षा ठरवून. शिवणकामाचं दुकान काढते. घटस्फोट होतो आणि कुणाच्या हातून चमचासुद्धा पडत नाही. अखेर नवरा पस्तावून दुकानात येतो. थिएटरातले आम्ही सगळे नवरे सावरून बसलो. ती उठते, गळ्यातली टेप काढते, त्याच्या खांद्याचं माप घेते आणि म्हणते, "शुक्रवारी या. शर्ट तयार असेल."

दिवे लागले. मी बसूनच राहिलो. माझ्यासारखे आणखी पाच-सहा जण बसून राहिले. झाडूवाला आला तसा मी उठून तडक डोअरकीपरकडे गेलो.

"शेवटचं रीळ लावायचं राहिलं तुमचं."

"संपला पिच्चर."

"असा कसा संपेल? शुक्रवारी काय झालं?"

"शुक्रवारी पिच्चर बदलतो, साहेब."

मी आवाज चढवला. मागचे नवरेही माझ्या बाजूने बोलू लागले. मॅनेजर आला, त्याने शपथेवर सांगितलं की मुंबईहून एवढीच रिळं आलीत. मी म्हणालो, नाशिकला नेहमीच कमी पाठवतात! त्यावर टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यातलं हे एकमेव सार्वजनिक भाषण. सिंधू सायकल स्टँडपाशी एकटी उभी होती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "रीळ पूर्ण होतं."

"मग ती परत का नाही गेली?"

"तिला जायचं नव्हतं."

"अगं, पण तो आला होता ना!"

"फार उशिरा आला."

"बायका बिघडवायचा धंदा काढलाय या सिनेमावाल्यांनी," मी म्हणालो. "तू केलं असतंस असं?"

(हे विचारायची काही गरज होती का? पण विचारलं.) पुढच्या रविवारी मी खिशात तिकिटं घेऊन आलो तर ती पिशवी भरत होती.

"मी सटाण्याला जाते. तिकडे बालवाडीत जागा आहे. मी घेतली ती."

"हे कधी ठरलं?"

"तीनदा सांगितलं तुम्हाला. तुम्ही 'हं' म्हणालात."

मला एकदम सिनेमातले नवरे आठवले. छाती पुढे काढून म्हणालो, "गेलीस तर या घराचं दार तुला कायमचं बंद!" आणि ती बाहेर पडल्यावर दार आपटलं. पावसाळ्याने फुगलेलं आमचं दार निम्म्यात अडकलं. मी रेटतोय, ते हलेना. शेवटी सिंधूने पिशवी खाली ठेवली, बाहेरून कडी धरून ओढलं, दार नीट लावून दिलं आणि मग गेली.

मी वाट पाहू लागलो. दिवाळी गेली. कुकर कसा लावायचा ते शेजारच्या सुलाबाईंनी भिंतीपलीकडून ओरडून शिकवलं. सिंधू आली नाही. तेव्हा मी विचार केला, की चूक माझीच. शेवटच्या रिळातली मुख्य गोष्ट, अपघात, तो मी कुठे केला होता?

माझा मित्र गोटीराम एका डॉक्टरकडे कंपाउंडर. तो आधी नाही म्हणाला. मग डॉक्टर गावाला गेल्यावर त्याने माझ्या धडधाकट उजव्या पायाला घोट्यापासून मांडीपर्यंत प्लॅस्टर चढवलं. (हात पुरेल, असं तो म्हणत होता. मी म्हणालो, हातावर कोण रडतं?) मग त्याने सटाण्याला तार केली : जयराम अपघात ताबडतोब निघा.

आता तार म्हटल्यावर गावाकडे काय समजतात, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कांद्याचा एक टेम्पो कॉलनीत शिरला आणि त्यातून सिंधू, तिची आई नवसाबाई आणि भावकीतले सहा-सातजण उतरले. वाटेतल्या देवळा गावापासून सगळे रडत आले होते. (त्यात कांद्याचा वाटा किती, हे सांगता येणार नाही.) मी खाटेवर जिवंत बसलेला पाहून सगळ्यांना आनंद झालाच, पण दोघा-तिघांच्या चेहऱ्यावर, एवढ्या लांब आलो त्याचं काय, असंही दिसलं.

"जवाईबापू, तुम्ही जित्ता शेतस!" नवसाबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"हो," मी शक्य तितक्या क्षीण आवाजात म्हणालो.

भावकी चहा घेऊन टेम्पोनेच परत गेली. सिंधू आणि नवसाबाई राहिल्या. काय सांगू, ते चार-पाच दिवस! सिंधू उशी नीट करायची, पाण्याचा पेला हातात द्यायची. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मला ओळखीच्या वाटायच्या. फक्त प्लॅस्टरच्या आत अशी खाज सुटायची की मी विणायची सुई मागून घेतली आणि लोकर नको म्हणून सांगितलं.

घात केला शिऱ्याने. नवसाबाईंनी जावयासाठी गूळ घालून शिरा केला. मी आडवा पडून खात होतो, त्यातला थोडा प्लॅस्टरच्या वरच्या तोंडातून आत गेला. दुपारी मुंग्या आल्या. साध्या नव्हेत, तांबड्या. आधी एक चावली, ती मी दात आवळून सोसली. मग सगळ्यांनी एकदम सुरुवात केली. मी खाटेवरून उडी मारली आणि खोलीभर नाचू लागलो. दोन्ही पायांवर.

नवसाबाई दारात आल्या. त्यांनी डोळे विस्फारले, हात जोडले आणि हाक घातली, "सिंधू वं! जवाईबापूना आंगमा देव उना!" आणि माझ्या प्लॅस्टरवर डोकं ठेवून विचारू लागल्या, "कोनता देव शे? काय मांगस?"

मी काय मागणार? "पाणी! पाणी!" म्हणून ओरडलो. त्यांनी श्रद्धेने तांब्याभर पाणी माझ्या पायावर ओतलं.

सिंधू नळावरून हंडा घेऊन आली. तिने माझ्याकडे पाहिलं, शिऱ्याच्या ताटलीकडे पाहिलं. मग आईला म्हणाली, "आई, देव शांत झाला. तू रामकुंडावर जाऊन नारळ वाहून ये."

त्या गेल्यावर तिने घमेल्यात गरम पाणी आणलं, मला पाय त्यात बुडवून बसवलं आणि मोठी कात्री घेऊन प्लॅस्टर कापायला बसली.

"मोडलेला नाहीये," मी म्हणालो.

"पहिल्या रात्रीच कळलं मला. झोपेत तुम्ही तो पाय भिंतीवर आपटलात आणि घोरतच राहिलात."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, एवढं केलंय बिचाऱ्याने. चार दिवस राहू द्यावं."

आणि ती हसली. मुलगी गेल्यापासून सिंधूला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मीही हसू लागलो. देव, भावकी, कांदे, एकेक आठवून आम्ही हसत होतो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसं मला वाटलं, झालं! आता दिवे लागणार.

"मग राहा ना," मी म्हणालो.

तिने कात्री थांबवली नाही. खाली मान घालूनच विचारलं, "मी थिएटरात रडायचे, तेव्हा तुम्हाला काय वाटायचं?"

"पिक्चर चांगला आहे असं."

"मी पडद्याकडे बघतच नव्हते हो. तिथे अंधार असायचा, म्हणून रडून घ्यायचे. घरी डोळ्यांत पाणी दिसलं की तुम्ही चपला घालून बाहेर जायचात."

"मला सुचायचं नाही काही."

"माहितीय मला. म्हणून तर कधी रागावले नाही. पण तिच्याबद्दल तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत. आपण नावसुद्धा ठेवलं नाही तिचं."

मी घमेल्यातल्या पाण्याकडे बघत म्हणालो, "मी ठेवलं होतं. मनात. कुंदा."

कात्री थांबली. ती म्हणाली, "मी सुलभा ठेवलं होतं."

एका दिवसाच्या पोरीला दोन नावं होती, आणि एकाच घरात राहून आम्हाला एकमेकांनी ठेवलेलं नाव ठाऊक नव्हतं. मी रडलो. ह्या वेळी बाहेर जायला चपला सापडत नव्हत्या असं नाही, पण पाय घमेल्यात होता. सिंधूने माझा हात धरला. आम्ही दोन्ही नावं एकेकदा मोठ्याने घेतली.

"आता तरी राहा," मी म्हणालो.

"आज बोललात, फार बरं वाटलं," ती म्हणाली. "पण तिकडे पोरांना गाणी शिकवते ना, तेव्हा मला श्वास घेता येतो. इथे नाही येत. या भिंती बघितल्या की परत सगळं तेच सुरू होतं. मी तुमच्यावर चिडून नाही जात, एवढं लक्षात ठेवा."

तिने पाय पुसून कोरडा केला, मुंग्या चावल्या होत्या तिथे हळद लावली आणि संध्याकाळी आईला घेऊन गेली.

मधे कायद्याने सांगितलेला काळ गेला. सिंधूला तसं हवं होतं, मीही हो म्हणालो, आणि दोघांच्या संमतीने घटस्फोटाचा अर्ज झाला. कोर्टात मी इस्त्रीचे कपडे घालून गेलो होतो. मला खात्री होती की न्यायाधीश चष्मा काढतील, लग्न म्हणजे काय यावर दहा मिनिटं बोलतील आणि बोलता बोलता काहीतरी होईल. न्यायाधीशांनी चष्मा काढला नाही. डोक्यावर पंखा करकरत होता.

"दोघांनी समजून सह्या केल्यात ना?"

"हो," सिंधू म्हणाली.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी काहीतरी लिहिलं. मी तिथेच उभा. शिपाई जवळ येऊन हळूच म्हणाला, "सरका साहेब, पुढची केस भाडेकरूची आहे."

आम्ही बोलत बोलत बसस्टँडवर आलो. बालवाडीतला एक मुलगा डबा खात नाही, तिने भरवला तरच खातो, असं ती सांगत होती. सटाण्याच्या गाडीला अवकाश होता. मी म्हणालो, "थांब, वाटेत खायला चिवडा आणतो." समोरच्या गाडीवर गेलो. तिखट कमी टाक, दाणे जास्त टाक, तिला कांदा नको, अशा सूचना देत पुडी बांधून घेतली. परत येतो तो बाकावर सिंधू नाही आणि फलाटावरून लाल गाडी मागे सरकतेय!

मी धावलो. खिडकीच्या काचेवर ऊन होतं, आतलं काही दिसत नव्हतं. हिरव्या बांगड्यांचा एक हात गजावर होता. मी पुडी त्या हातात कोंबली आणि गाडीबरोबर पळत पळत बोलत सुटलो. सिंधू, माझं चुकलं म्हणालो. त्या दिवशी दवाखान्यात मी मागच्या जिन्यात बसून रडलो होतो, तुला सांगितलं नाही म्हणालो. पोरांना चांगलं शिकव म्हणालो, जिवाला जप म्हणालो. इतकी वर्षं घशात अडकलेलं सगळं त्या वीस पावलांत बोलून टाकलं. त्या हाताने माझी बोटं घट्ट दाबली. मग गाडीने वेग घेतला, आणि वळणापर्यंत तो हात खिडकीतून हलत होता.

मी डोळे पुसत उभा होतो. स्टँडवरचा कंट्रोलर जवळ आला.

"आई होती का तुमची?"

"नाही. बायको."

त्याने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "त्या खिडकीत तर नांदगावच्या भागीबाई होत्या. ही नांदगाव गाडी."

"आणि सटाणा?"

"ती गेली मघाशीच. एक बाई दारात उभ्या राहून कुणाची तरी वाट बघत होत्या, पण ड्रायव्हर किती थांबणार?"

मी मटकन बाकावर बसलो. पण मनाशी म्हटलं, असू दे. कुणीतरी ऐकलं तरी. त्या म्हाताऱ्या बाईने बोटं दाबली, म्हणजे तिला कळलं असणार सगळं. तसं मी कंट्रोलरला बोलूनही दाखवलं.

"छे हो," तो म्हणाला. "दोन्ही कानांनी ठार बहिऱ्या आहेत त्या. इथे कानाच्या डॉक्टरकडेच येतात."

आणि माझा चेहरा पाहून त्याला दया आली असावी, कारण जाता जाता वळून म्हणाला, "चिवडा मात्र खातील हं."