स्वारी दिसली का?

हॉलच्या भिंतीवर ओल आली, तिथून हे सगळं सुरू झालं. ओल म्हणजे काही पूर नव्हे, पसरट ताटलीएवढा एक डाग. पण बायकोने रंगाऱ्याला बोलवायचं काढलं, आणि रंगारी म्हटलं की घर अंगणात आणि धूळ ताटात. त्यापेक्षा डागासमोर काहीतरी उभं करून टाकावं, असं आपल्या कथानायकाने ठरवलं. आधी कॅलेंडर लावून झालं. डाग कॅलेंडरच्या कडेने डोकावू लागला. मग आरसा लावला. त्यात समोरच्या भिंतीवरचा, आजवर कुणाच्या लक्षात न आलेला दुसरा डाग दिसू लागला. अशात एका संध्याकाळी ऑफिसातून परतताना त्याला एका दुकानाच्या काचेत समुद्र दिसला.

खरोखरचा समुद्र. निळा उजेड, खडकांवर हलणारी मऊ बोटांसारखी प्रवाळं आणि मधून फिरणारे, नुकतेच रंगवून वाळत घातल्यासारखे मासे. तो आत गेला. (इथे त्याने सरळ घरी जायला हवं होतं, असं बायको अजूनही म्हणते.)

हा गृहस्थ विमा कंपनीत दावे तपासायच्या कामावर होता आणि ऑफिसात त्याला सगळे शंकासुर म्हणत. घर जळालं म्हणून कोणी राख आणून दाखवली, तरी ती त्याच घराची कशावरून, असं विचारणारा हा माणूस. छत्री हरवली म्हणणाऱ्याला तो आधी पाऊस होता का ते विचारी. पण प्रत्येक संशयी माणसाच्या नशिबात एक तरी विश्वासाचं ठिकाण लिहिलेलं असतं. शंकासुराचं ते ठिकाण म्हणजे या दुकानाचा मालक, मासेवाला.

मासेवाला गोरटेला, टकलू आणि अतिशय हळू बोलणारा होता. पाण्याला धक्का लागेल अशा बेताने तो दुकानात वावरे. त्याने आधी टाकी दिली, मग टाकीखालचं टेबल, मग मीठ, मग मीठ मोजायची नळी, पाणी फिरवायचे पंप, पाणी गार ठेवायचं यंत्र, निळा दिवा, प्रवाळ चिकटलेले खडक. महिनाभर टाकीत नुसतं पाणी आणि खडक. येणारेजाणारे विचारत, की यात आहे काय? सासरे सांगत, ‘ओल.’

सासरे यांच्याकडेच राहत. हयात तारखात्यात गेल्यामुळे ते अजूनही शब्दाला पैसे पडल्यासारखं बोलत.

पाणी मुरल्यावर मासा आणायची वेळ आली. साधे मासे शंकासुराच्या मनाला येईनात. तेव्हा मासेवाल्याने चांगलं स्थळ सुचवणाऱ्या मध्यस्थाच्या आवाजात सांगितलं, की एक आहे, पण तो सगळ्यांना दाखवत नाही. खोल पाण्यातला. दुर्मिळ. घराण्याने चांगला, स्वभावाने शांत, खाण्यापिण्याची खोड नाही. फक्त थोडा लाजतो.

‘लाजतो म्हणजे?’ शंकासुराने विचारलं.

‘म्हणजे पुढे पुढे करत नाही,’ मासेवाला म्हणाला.

ही तर जमेचीच बाजू झाली. शंकासुराने चित्र पाहिलं: अंगावर जांभळ्या-केशरी रेघा, शेपटीला पिवळी किनार. लाजरा असल्यामुळे तो काळ्या पिशवीत बांधून मिळाला. रीतसर पिशवी टाकीत तरंगत ठेवली, थेंब थेंब पाण्याने पाहुण्याला घरच्या पाण्याची सवय केली, दिवे मालवले आणि पिशवी उलटी केली. काहीतरी सुळकन खडकात गेलं. दिवे लावले तेव्हा खडक होता, पाणी होतं, प्रवाळ होतं.

‘रुळेल हळूहळू,’ शंकासुर म्हणाला.

मासा रुळेना. शंकासुर सकाळ-संध्याकाळ काचेला नाक लावून बसे. टॉर्च टाकून बघे. खडकाच्या भोकांत पातळ काडी घालून विचारपूस करी. पाणी मोजी, मीठ मोजी, पंपाची तोंडं वळवी, कोपरापर्यंत हात घालून खडक सारखे करी. टाकलेली कोळंबी नाहीशी होई, एवढीच काय ती खूण. ऑफिसात असल्या पुराव्यावर त्याने कुणाला छत्रीसुद्धा मंजूर केली नसती. मासा गेला असावा किंवा मुळात नसावाच, असं त्याला वाटू लागलं.

अशात एकदा जेवताना बायको सहज म्हणाली, ‘आज फार छान फिरत होता.’

‘कोण?’

‘तुमचा मासा. मी मशीनवर बसले की येतो. मशीनचा आवाज आवडत असावा.’ बायको घरी शाळेचे गणवेश शिवत असे आणि तिचं मशीन टाकीशेजारीच होतं.

शंकासुराने सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे म्हणाले, ‘रोज. दुपारी.’

शंकासुराने जेवण अर्धं टाकून दोघांची वेगवेगळी जबानी घेतली. बायकोची स्वयंपाकघरात, सासऱ्यांची गॅलरीत. बायकोने रेघा सांगितल्या, किनार सांगितली, वळताना तो पंख कसा पसरतो तेही सांगितलं. सासऱ्यांनीही तेच सांगितलं, फक्त कमी शब्दांत. आता दावे विभागाचा पहिला नियम असा, की दोन साक्षीदारांचं बोलणं अगदी तंतोतंत जुळलं, तर त्यांनी आधी बसून ठरवलेलं असतं. तो बायकोला म्हणाला, की तुम्ही बापलेक मिळून माझी थट्टा करताय. बायको म्हणाली, ‘मला आज बारा शर्टांच्या कॉलर लावायच्यात. थट्टेला वेळ कुठाय?’

दुसऱ्या दिवशी तो डोकं दुखतंय म्हणून दुपारीच घरी आला. कडी न वाजवता किल्लीने दार उघडलं. बायको मशीनवर, सासरे खुर्चीत, शेजारच्या काकू भाजी निवडत जमिनीवर, आणि तिघांची तोंडं टाकीकडे. काकूंच्या चेहऱ्यावर असं काही कौतुक होतं, की शंकासुर चपला न काढताच धावला. पाण्यात शेपटीएवढी हालचाल झाली आणि संपली.

‘गेला,’ सासरे म्हणाले.

‘आत्ता तर होता हो,’ काकू म्हणाल्या, आणि शंकासुराकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याला आपण दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं वाटलं.

तो तडक मासेवाल्याकडे गेला. मासेवाल्याने सगळं ऐकून घेतलं, आणि हळूच विचारलं, की टाकीत हात कोण घालतं? शंकासुर अभिमानाने म्हणाला, की मीच. पाणी बदलणं, काच घासणं, खडक लावणं, दुसऱ्या कुणाला मी हातसुद्धा लावू देत नाही. मासेवाला म्हणाला, ‘मग तसंच असणार. मासे माणूस ओळखतात. ज्याचा हात वरून आत येतो, तो त्यांच्या लेखी मोठा शत्रू. बाकीची माणसं म्हणजे नुसतं फर्निचर.’

शंकासुराला हे फार लागलं. ज्याच्यासाठी पाण्याच्या बादल्या वाहून कंबर धरली, ज्याची कोळंबी नखाएवढी बारीक चिरून दिली (बायकोला त्याने उभ्या जन्मात कांदा चिरून दिला नव्हता, हेही तिने याच सुमारास बोलून दाखवलं), त्याच्या लेखी आपण शत्रू, आणि दिवसभर खुर्चीत बसणारे सासरे ते फर्निचर!

मग त्याने फर्निचर व्हायचं ठरवलं. रविवारी सासऱ्यांचा स्वेटर, सासऱ्यांची कानटोपी आणि सासऱ्यांचा चष्मा लावून तो सासऱ्यांच्या खुर्चीत पेपर धरून बसला. चष्म्यातून त्याला पेपर दिसेना आणि टाकी तर मुळीच दिसेना. बराच वेळ गेला. बायको मशीन चालवत होती. मग ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली, ‘हलू नका. आलाय.’ शंकासुर हलला नाही. फक्त त्याने चष्मा किंचित खाली केला. खडकाच्या भोकातून एक डोळा बाहेर आला होता. त्या डोळ्याने स्वेटर पाहिला, टोपी पाहिली, मग वरच्या बाजूने डोकावणारे शंकासुराचे डोळे पाहिले, आणि ओळख पटली.

‘माझा स्वेटर,’ आतल्या खोलीतून सासरे म्हणाले. त्यांना थंडी वाजत होती.

एवढ्यावर भागलं असतं. पण शंकासुराने ऑफिसात मासा न बघताच त्याची वर्णनं केली होती. पिवळी किनार तर तो अशी सांगे, की ऐकणाऱ्याने डोळे मिटावेत. हे कौतुक मॅडमच्या कानावर गेलं. मॅडम म्हणजे शाखेच्या प्रमुख. विभागप्रमुखाची जागा लवकरच रिकामी होणार होती आणि ती कुणाला द्यायची, हे त्यांच्या हातात होतं. मॅडमना माशांचं वेड. त्यांनी शनिवारी चहाला येते, असं आपणहून सांगितलं.

घरी खलबत झालं. मासा दिसला नाही, तर दावे तपासणाऱ्या माणसाचाच दावा खोटा पडणार. बायको म्हणाली, की उपाय सोपा आहे, तुम्ही घरात थांबू नका. शंकासुराने सासऱ्यांकडे आशेने पाहिलं. सासरे म्हणाले, ‘अनुमोदन.’

शनिवारी मॅडम आल्या. शंकासुराने दारात स्वागत केलं, खुर्ची दिली आणि ठरल्याप्रमाणे बायकोने, औषध आणायचं राहिलं, म्हणून त्याला बाहेर काढलं. खाली उतरून चौकातून एक चक्कर मारून यायचं ठरलं होतं. पण बाहेरच्या सामाईक व्हरांड्यात हॉलची खिडकी होती, आणि पडद्याला एक फट होती. माणूस आहे, मोह होणारच. कुंडी उलटी करून शंकासुर तिच्यावर उभा राहिला. फटीतून मॅडमचा अंबाडा दिसत होता, आणि अंबाड्यापलीकडे निळा उजेड. आतून ‘अय्या’ ऐकू आलं. त्याने टाचा उंचावल्या.

‘कोण पाहिजे?’ खालून आवाज आला.

इमारतीचा नवा वॉचमन होता. धिप्पाड, मिशाळ, आणि कालच कामावर लागल्यामुळे फार जागरूक.

‘कुणी नाही. माझंच घर आहे.’

‘मग आत जा की.’

‘मी आत गेलो की तो लपतो,’ शंकासुर कुजबुजला.

वॉचमनने मिशीवरून हात फिरवला. ‘तो?’

‘हळू बोला. आत्ता बाहेर आलाय.’

‘रोज येतो?’

‘रोज दुपारी. मी ऑफिसात गेलो की.’

वॉचमनचा आवाज एकदम मऊ झाला. ‘वहिनींना माहीत आहे?’

‘तिच्यासाठीच तर येतो. ती मशीनवर बसली, की हा समोर हजर.’

‘घरात दुसरं कुणी नसतं?’

‘सासरे असतात ना. ते पेपर वाचत शेजारीच बसतात. शेजारच्या काकूपण येतात बघायला.’

वॉचमन पायरीवर बसला. त्याने बऱ्याच इमारती पाहिल्या होत्या, पण हे त्यालाही नवीन होतं. मग त्याने विचारलं, की साहेब, तुम्ही काहीच बोलत नाही?

‘काय बोलणार?’ शंकासुर म्हणाला. इतक्या दिवसांत कुणीतरी पहिल्यांदाच त्याची बाजू विचारत होतं. ‘मीच आणला हो त्याला घरी. खायला मी घालतो. त्याच्यासाठी पाणी गार करायचं यंत्र आणलं. आणि मला बघितलं, की तोंड फिरवतो.’

आता मात्र वॉचमनला राहवेना. त्याने शंकासुराला कुंडीवरून खाली उतरवलं, मनगट घट्ट धरलं आणि ‘चला, मी आहे’ म्हणत बेलवर अंगठा दाबून धरला. शंकासुर नको नको म्हणत होता. पिचलेली माणसं असंच म्हणतात, हे वॉचमनला ठाऊक होतं. बायकोने दार उघडलं, तसा तो शंकासुरासकट आत शिरला आणि हॉलच्या मध्यभागी उभा राहून म्हणाला, ‘कुठाय तो?’

मॅडमच्या हातातला कप तसाच राहिला. बायको दाराशी, काकू जमिनीवर. सासऱ्यांनी पेपर खाली करून टाकीकडे बोट दाखवलं.

वॉचमनने पाहिलं. त्याच क्षणी शंकासुरानेही त्याच्या पाठीमागून मान काढली. पाणी हललं. खडक होता, प्रवाळ होतं.

‘गेला,’ सासरे म्हणाले.

मग बरीच स्पष्टीकरणं झाली. वॉचमनने वहिनींची माफी मागितली. बायकोने कशाबद्दल, ते विचारलं, त्याने सांगितलं, ते ऐकून काकूंना ठसका लागला आणि त्यांना पाणी द्यावं लागलं. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. त्या पुन्हा खडकाकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर, ऐन गाण्यात लाईट गेल्यासारखी हळहळ होती. शंकासुर त्यांच्याजवळ गेला. विभागप्रमुखाला शोभेल अशा आवाजात तो म्हणाला, की मॅडम, काही सांगायचं असलं तर निःसंकोच सांगा.

‘सांगू का?’ मॅडम म्हणाल्या. ‘तुम्ही जरा बाहेर थांबाल?’

शंकासुर बाहेर थांबला. दार लागलं. उलटी कुंडी तिथेच होती, तिच्यावर तो बसला. वॉचमन मागोमाग येईल, निदान दोन शब्द बोलेल, असं त्याला वाटलं. पण वॉचमन आला नाही. आत मशीन सुरू झालं. मग सगळं शांत झालं, आणि मग मॅडमचा आवाज, काकूंचा आवाज आणि त्यात मिसळलेला एक भरदार, मिशाळ आवाज ऐकू आला.

चहा संपायच्या सुमाराला दार उघडलं. वॉचमन टोपी हातात घेऊन बाहेर आला. त्याने दार हलकेच ओढून घेतलं आणि शंकासुराच्या खांद्यावर हात ठेवला.

‘साहेब,’ तो म्हणाला, ‘फार देखणा आहे. जमलं तर एकदा बघा.’